ठेवावे काय, पुसावे काय?



जागा पुरत नाही ही तक्रार आता घराइतकीच संगणकाचीही झाली आहे. पडद्यावर तशी सूचना झळकली, की मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर घाईघाईने दिसेल ते पुसून टाकतो, नाही तर नवी डिस्क विकत आणतो. पहिल्या उपायात मोलाचे गमावण्याचे भय आहे. दुसऱ्यात अडगळ तशीच राहते. म्हणून जागा मोकळी करण्यामागचे शास्त्र थोडे समजून घ्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम जागा अडविते कोण, ते पाहू. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास मात्र तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सारी स्वतंत्र चिन्हे होत. तेव्हा मराठी लेखन फार जागा खात असेल, असे वाटेल. पण हिशेब वेगळाच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण जवळजवळ ११,००० ओव्यांचे आहे. ते सबंध देवनागरीत साठविले, तरी मोबाइलने काढलेल्या एखाददुसऱ्या छायाचित्राएवढ्या जागेत मावेल. डिस्क भरते ती व्हिडिओंनी, छायाचित्रांनी आणि एकाच वस्तूच्या अनेक प्रतींनी. म्हणून पत्रे व लेख पुसत बसू नये. फाइली आकारमानाप्रमाणे लावून घ्याव्या आणि सर्वांत मोठी आधी तपासावी.

आता आटोपशीर करण्याविषयी. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात काहीच हरवत नाही. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड संकेत व क्वचित येणाऱ्यास लांब संकेत द्यावा, ही रीत डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडली. पुढे १९७७ साली लेंपेल आणि झिव्ह यांनी दुसरी युक्ती दाखविली : एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी पाहा’ एवढेच नोंदवावे. आपल्या पदसंग्रहांत ध्रुपद एकदाच छापून पुढे नुसते ‘ध्रु.’ लिहितात, तसेच हे. १९८९ साली फिल कॅट्झ यांनी प्रसृत केलेल्या झिप पद्धतीत आज ही दोन्ही तत्त्वे एकत्र नांदतात. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. त्यामुळे मराठी मजकूर झिपमध्ये चांगलाच आटतो, आणि उघडला की काना-मात्रेसह जसाच्या तसा परत मिळतो.

दुसऱ्या प्रकारात थोडे गमवावे लागते. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धती डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे गाळते. ते पुन्हा येत नाहीत. असे छायाचित्र आधीच आटलेले असल्याने त्याची झिप करून फारसे काही साधत नाही. तेथे निवड हाच उपाय. एकाच प्रसंगाच्या दहा छायाचित्रांतून दोन ठेवावी.

पुसणे म्हणजे काय, हेही ध्यानात घेतले पाहिजे. फाइल पुसली की ती बहुधा आधी कचरापेटीत जाते, आणि पेटी रिकामी होईपर्यंत जागा सुटत नाही. पेटी रिकामी केल्यावरही जुन्या धर्तीच्या फिरत्या डिस्कवर केवळ सूचीतील नोंद जाते. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. ग्रंथालयाच्या सूचीतून पत्रक काढले, पण पुस्तक फळीवरच आहे, अशी ती अवस्था. म्हणून चुकून काही पुसले, तर त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. आजच्या एसएसडी डिस्कवर मात्र ही सवलत बहुधा मिळत नाही.

मोबाइलवर रोज येणारी सुप्रभाताची चित्रे निःशंक पुसावी. पण त्यांच्याच गर्दीत परगावी स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबातील आजीचा आवाज असतो. तिच्या बोलीतील ते शब्द आता घरात दुसरे कोणी उच्चारीत नसते. तो मिनिटभराचा आवाज मेगाबाइटभर जागेत राहतो. तो गेला, तर कितीही मोठी डिस्क आणून परत मिळावयाचा नाही.

क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्या मूळ आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांच्या आधारे. त्यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. जे अमोल, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्या, आणि त्या उघडतात याची खात्री करूनच मूळ फाइलीस हात लावावा. बाकीचे खुशाल पुसावे. अडगळ गेली, म्हणजे आठवण हाताशी येते.