यादीतली नावे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज ‘चित्रपट आणि शिक्षण’ हा विषय देण्यात आला आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी एकाच चित्रपटाविषयी बोलणार आहे, आणि त्यावरून एका पालकांनी मला विचारलेल्या एका प्रश्नाविषयी.

मी इतिहास शिकवतो. दुसरे महायुद्ध शिकवताना मी दहावीच्या मुलांना ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटातील निवडक भाग दाखवले. संपूर्ण चित्रपट या वयाच्या मुलांनी पाहावा असा नाही. त्यातील काही प्रसंग फार भयंकर आहेत. दोन दिवसांनी आपल्या समाजातील एक वडीलधारे पालक शाळेत आले. चहा पुढे केला तर त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण रोज मोबाईलवर गाझातली लहान लेकरं बघतो, रात्री डोळा लागत नाही. अशा वेळी तुम्ही आमच्या पोरांना यहुद्यांच्या दुःखाचा पिक्चर दाखवता. हे काय म्हणून?”

मी म्हणालो, “चाचा, आधी बसा.” ते बसले. पण मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे मला घरी जाताना जाणवले. आज ते उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न करतो. ते चाचा आज सभागृहात आहेत, ही माझ्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे.

प्रथम चित्रपट सांगतो. तो १९९३ साली आला. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. जवळजवळ सगळा चित्रपट कृष्णधवल आहे. ऑस्कर शिंडलर हा जर्मन व्यापारी युद्ध सुरू झाल्यावर पोलंडमधील क्राकाव शहरात येतो आणि एनॅमलची भांडी बनवण्याचा कारखाना चालवू लागतो. माणूस साधुसंत नव्हता. तो हिटलरच्या पक्षाचा सभासद होता, दारू पिणारा होता, अधिकाऱ्यांना लाच देऊन कंत्राटे मिळवणारा होता. ज्यू कामगार स्वस्तात मिळतात म्हणूनच त्याने ते ठेवले. पण मार्च १९४३ मध्ये क्राकावची ज्यू वस्ती मोडून काढली गेली, माणसे रस्त्यात गोळ्या घालून मारली गेली, आणि हा नफ्यामागे लागलेला माणूस हळूहळू बदलत गेला. १९४४ च्या शरद ऋतूत, जेव्हा कैद्यांना मृत्यूच्या छावण्यांत पाठवण्याची वेळ आली, तेव्हा “हे माझे कुशल कामगार आहेत, युद्धसामग्रीसाठी लागतात,” असे सांगून आणि जवळचा पैसा ओतून त्याने सुमारे १,२०० जणांना चेकोस्लोव्हाकियातील दुसऱ्या कारखान्यात हलवले. त्यांच्या नावांची यादी, तीच ही ‘लिस्ट’.

कारखान्याचा हिशेब सांभाळणारा इट्झाक स्टर्न याची भूमिका बेन किंग्जली यांनी केली आहे. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात ज्यांनी गांधीजी साकारले तेच हे नट. त्यांचे जन्मनाव कृष्णा भानजी, आणि त्यांचे वडील रहिमतुल्ला हरजी भानजी हे गुजराती खोजा मुस्लिम घराण्यातले. अशा वडिलांच्या मुलाने आधी गांधीजी उभे केले आणि मग एक ज्यू हिशेबनीस उभा केला, हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना फार नवल वाटले.

चित्रपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, हेही मी वर्गात सांगितले. पडद्यावर शिंडलर आठवून आठवून नावे सांगतो आणि स्टर्न टाईप करतो. प्रत्यक्षात यादी तशी झाली नाही. तिच्यात इतरांचे हात होते, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. शिंडलरची पत्नी एमिली हिलाही चित्रपटात थोडीच जागा मिळाली आहे. जानेवारी १९४५ मध्ये मालगाडीच्या बंद डब्यांतून थंडीने गारठलेले, मरणाला टेकलेले शंभराच्या आसपास कैदी कारखान्याजवळ येऊन पोहोचले, तेव्हा त्यांची शुश्रूषा करण्यात ती आघाडीवर होती. माता-भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता एक प्रश्न. या हत्याकांडात सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. हे करणारे कोण होते? अडाणी, रानटी लोक होते का? २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे येथे एका बंगल्यात बैठक झाली. युरोपातील सगळ्या ज्यूंना संपवण्याच्या कामात कोणत्या खात्याने काय करायचे, हे तिथे ठरले. बैठकीला पंधरा अधिकारी होते. त्यांपैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते.

मित्रांनो, ही शिक्षण संस्था आहे. शिकल्याशिवाय समाजाला गती नाही, हे आपण दरवर्षी या व्यासपीठावरून सांगतो आणि ते खरेच आहे. परंतु वानझेच्या त्या टेबलाभोवती बसलेल्यांना शिक्षण कमी पडले नव्हते. त्यांनीही याद्याच केल्या. कोणत्या देशात किती ज्यू, असे आकडे मांडले. शिंडलरच्या कारखान्यातही यादी झाली. कागद तोच, टाईपरायटर तोच. एका यादीत नाव आले की माणूस मेला, दुसऱ्या यादीत आले की वाचला. आमच्या मुलांनी पदव्या घ्याव्यात, कचेरीत, बँकेत, पोलिसात, दवाखान्यात जावे. पण उद्या त्यांच्या सहीला किंमत येईल, तेव्हा ती सही कुणाच्या कामी येईल? याची तयारी शाळेतच व्हायला हवी.

कुणी म्हणेल, हे सगळे युरोपातले. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. आपल्या तालुक्यातला रोगी गंभीर झाला की नातेवाईक म्हणतात, ससूनला न्या. हे ससून कोण? डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. तिथल्या सुभेदाराच्या, दाऊद पाशाच्या जाचामुळे त्यांना बगदाद सोडून पळावे लागले आणि पुढे ते मुंबईत येऊन स्थायिक झाले. तो सुभेदार आपल्याच धर्माचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या निर्वासिताच्या देणगीतून पुण्याचे रुग्णालय उभे राहिले. तिथल्या खाटेवर किती धर्मांची माणसे बरी झाली, याची मोजदाद कुणी ठेवली आहे का? आणि कोकणातले बेने इस्राएल तर शतकानुशतके मराठी बोलत आपल्यात राहिले. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. या भूमीत त्यांचा कुणी छळ केला नाही, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे.

हिटलर १९३३ साली सत्तेवर आल्यावर युरोपातून काही ज्यू मुंबईला आले. त्यांत वॉल्टर कौफमान हे संगीतकार होते. ते १९३४ साली आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. आकाशवाणी सुरू होताना जी धून वाजत असे, जी ऐकून आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सकाळी उठत, ती त्यांचीच म्हणून ओळखली जाते. आपल्या शेजारच्या पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन मुंबईत धडपडत होते, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना ज्यांनी हात दिला त्यांत रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेझिंगर हे नाझी राजवटीमुळे देश सोडून आलेले लोक होते. आपण ज्याला आसरा देतो तो उद्या आपल्याच मुलाला पुढे आणतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आपल्या जिल्ह्यात आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने युद्ध पुकारताच इथल्या ब्रिटिश सरकारने जर्मन पासपोर्ट असलेल्यांना शत्रू ठरवून पकडले आणि अहमदनगरच्या छावणीत ठेवले. त्यात हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही सापडले. चौकशीनंतर पुष्कळ जण सुटले. तरी काही कुटुंबांना पुढे पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला नजरकैदेत राहावे लागले. जेजुरीला जाताना जो पुरंदर आपल्याला दिसतो, तोच हा. तिकडे हिटलरच्या सरकारने नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने देशाबाहेर गेलेल्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. म्हणजे जर्मनी म्हणे तुम्ही आमचे नाही, आणि इंग्रज म्हणे तुम्ही जर्मन! कागदावरच्या एका शब्दाने माणूस असा दोन्हीकडून परका होतो. कागदपत्रांची धास्ती काय असते, हे या सभागृहात मी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता चाचांच्या प्रश्नाकडे वळतो.

चित्रपटाच्या शेवटी वाचलेले कामगार शिंडलरला एक अंगठी भेट देतात. एका कैद्याने आपल्या दातातले सोने काढून दिले, त्याची ती घडवलेली. तिच्यावर यहुदी धर्मग्रंथातले वचन कोरले आहे. एक जीव वाचवला म्हणजे सगळे जग वाचवले, असा त्याचा अर्थ. हा अर्थ ऐकताच माझ्या वर्गातील एका मुलाने हात वर केला. म्हणाला, “सर, हे तर आपल्याकडेही आहे.” त्याचे बरोबर होते. सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीत हाच आशय आहे, आणि ती आज्ञा बनी इस्राईलला दिली होती असे तिथेच म्हटले आहे.

ही आज्ञा पाळणारे मुसलमान त्या काळात होते. अल्बानिया हा बहुसंख्य मुसलमानांचा छोटा देश. तिराना शहरात रेफिक वेसेली नावाचा सतरा वर्षांचा मुलगा एका फोटोग्राफरच्या दुकानात काम शिकत होता. १९४३ मध्ये जर्मन सैन्य आल्यावर त्याने मांडिल या ज्यू कुटुंबाला डोंगरातल्या आपल्या गावी, आई-वडिलांच्या घरी नेले. आई फातिमा आणि वडील वेसेल यांनी त्यांना युद्ध संपेपर्यंत सांभाळले. पाहुण्याला दिलेला शब्द मोडायचा नाही, या रिवाजाला तिथे ‘बेसा’ म्हणतात. युद्धानंतर अल्बानियात ज्यूंची संख्या पूर्वीपेक्षा वाढलेली होती. बर्लिनमध्ये मोहम्मद हेल्मी या इजिप्तच्या डॉक्टरांनी एका ज्यू मुलीला लपवून वाचवले. विद्यार्थ्यांनो, सतरा वर्षे म्हणजे तुमच्या बारावीचे वय.

चाचा, तुमची झोप उडते ती योग्यच आहे. गाझातील मुलांसाठी ज्याचे काळीज हलत नाही, त्याला शिंडलरचा चित्रपट पाहूनही काही कळणार नाही. पण क्राकावच्या रस्त्यावर मारलेल्या मुलीने पॅलेस्टाईनच्या मुलाचे काही बिघडवले नव्हते. आणि आजच्या कुठल्याही सरकारच्या करणीचा जाब त्या मेलेल्या मुलांकडे मागता येणार नाही. एका लेकराच्या दुःखाने दुसऱ्या लेकराचे दुःख खोटे ठरत नाही. आपल्या मुलांनी परक्याच्या मुलासाठी रडायला शिकावे, एवढ्यासाठी मी तो चित्रपट दाखवला. जो परक्यासाठी रडतो, त्यालाच आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध ताठ मानेने बोलता येते.

एक घरची गोष्ट सांगून संपवतो. इंदापूर तालुक्यातील आमचे मूळ घर उजनी धरणाच्या पाण्यात गेले. सामान बैलगाडीत भरून आजोबा नव्या गावी आले, तेव्हा घर बांधून होईपर्यंत एका मराठा शेतकऱ्याने गोठ्याशेजारची खोली मोकळी करून दिली. आजी सांगायची, त्यांच्या घरच्या म्हातारीने पहिल्या संध्याकाळी न विचारता चूल मांडून दिली. हे संकट त्या संकटाच्या तोडीचे नव्हे, ते मला कळते. पण दार उघडणे म्हणजे काय, हे मी प्रथम त्या गोष्टीतून शिकलो.

चित्रपट संपल्यावर एका मुलीने विचारले होते, “सर, यादीत बाराशे नावं होती. ज्यांची नव्हती त्यांचं काय?” मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. एकटा शिंडलर बाराशेच वाचवू शकला. साठ लाखांना वाचवायला शेजारी, कारकून, पोलीस, मास्तर असे लाखो लोक लागले असते, आणि ते वेळेवर उठले नाहीत.

म्हणून पालकांना विनंती आहे. मोबाईलवर कुठल्याही जातीधर्माविरुद्ध विष आले तर ते पुढे पाठवू नका. आपल्या मुलांसमोर तर नकोच. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गात एखाद्याला त्याच्या जातीवरून, धर्मावरून, गरिबीवरून सगळे मिळून चिडवू लागले, तर त्या दिवशी त्याच्या बाकावर जाऊन बसा. बोलता आले नाही तरी चालेल, शेजारी बसा. सुरुवात तिथूनच होते.