चुकांची वही घेऊन वर्गात



माहिती तंत्रज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मी मुळात गणिताची. अकरावी-बारावीला बारा वर्षं मी गणितच शिकवलं. २०१४ च्या जूनमध्ये आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातले माहिती तंत्रज्ञानाचे सर नोकरी सोडून गेले आणि वेळापत्रकात त्या विषयापुढे माझं नाव लागलं. कालपासून जेवणाच्या पंगतीत ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलले, त्यांतल्या निम्म्या जणांची हकीगत हीच निघाली. कुणी भौतिकशास्त्राचे, कुणी वाणिज्य शाखेचे, एक ताई तर भूगोलाच्या. म्हणून आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. दुसऱ्याला शिकवायचं म्हणून आपण वेब डिझाइन शिकायला बसतो, तेव्हा ते कसं शिकावं?

त्या जूनमध्ये कॉलेज उघडायला नऊ दिवस होते. रात्री स्वयंपाकघरातलं आवरून मी लॅपटॉप उघडला, नोटपॅड प्लस प्लसमध्ये पुस्तकातलं पहिलं उदाहरण उतरवलं आणि ‘वेलकम’च्या जागी हौसेनं एकच शब्द टाकला: मराठी. फाइल सेव्ह केली, ब्राउझरमध्ये उघडली. पडद्यावर आला रोमन ‘ए’, डोक्यावर तिरकी रेघ असलेला. मग चार पाय फुटलेलं एक वर्तुळ. मग तिसरंच काही. पुन्हा तोच ‘ए’, पुन्हा तेच वर्तुळ, आणि पुन्हा वेगळं काही. मी घाबरले. लॅपटॉप बिघडला असं वाटलं. पण गणिताच्या माणसाला पुनरावृत्ती दिसली की ती सोडवत नाही. मी ती चिन्हं कागदावर उतरवली आणि तीन-तीनचे गट पाडले. पाच गट झाले. मराठी या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाचच चिन्हं आहेत. पहिल्या चार गटांत सुरुवातीची दोन चिन्हं सारखीच होती. पाचव्या गटात मात्र वर्तुळाच्या जागी जपानच्या येनचं चिन्ह होतं. ते का, हे शोधता शोधता पहाट झाली.

उत्तर सुंदर आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य संचाला १२८ जागा दिलेल्या आहेत. यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं होतं. पहिला बाइट साऱ्या देवनागरीला एकच. दुसरा बाइट पहिल्या ६४ जागांना एक आणि पुढच्या ६४ जागांना दुसरा. म, र, काना आणि ठ पहिल्या आळीत राहतात. दीर्घ वेलांटी हे दुसऱ्या आळीतलं पहिलं घर. ही फाइल यूटीएफ-८ मधली आहे, हे मी ब्राउझरला सांगितलंच नव्हतं. त्यानं ती पश्चिम युरोपच्या जुन्या लिपीसंचानुसार वाचली आणि एकेका बाइटचं एकेक अक्षर केलं. हेडमध्ये मेटा टॅगची एक ओळ घालून चारसेट यूटीएफ-८ असं लिहिलं, आणि ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर उमटला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

ती ओळ आपल्या प्रत्येक पुस्तकात असते. ‘ही ओळ वर लिहायचीच’ असं सांगून आपण पुढे जातो. मीही तेच केलं असतं. पण मी त्या खड्ड्यात पडले होते, म्हणून माझा पहिला तास आज अकरा वर्षांनंतरही त्या खड्ड्यापासूनच सुरू होतो. मी ‘मराठी’ शब्दाचं ते विस्कटलेलं रूप फळ्यावर काढते आणि मुलांना विचारते, इथे किती गट दिसतात? शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा मान वर करतो. अलीकडचे ब्राउझर पुष्कळदा अंदाजानं लिपी ओळखतात, त्यामुळे ही चूक आता दर वेळी आपोआप घडत नाही. मी ती घडवून आणते.

त्याच रात्री मी दोनशे पानी वही काढून रकाने आखले. काय लिहिलं, काय दिसलं, का दिसलं. ती माझी चुकांची वही. आता चौथी चालू आहे. व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याचं शिकणं आणि आपलं शिकणं यांतला फरक मला या वह्यांनी दाखवला. पान नीट चाललं की डिझायनरचं काम झालं. कुठे ठेच लागली ते तो विसरतो आणि त्यानं विसरावंच, त्याला पुढचं काम घ्यायचं असतं. आपल्याला ती ठेच जपून ठेवावी लागते, कारण उद्या त्याच जागी साठ मुलं ठेचकाळणार असतात. चालणारं पान आपल्याला पुन्हा मुद्दाम मोडावं लागतं. एक कंस काढा, काय होतं? अवतरणचिन्ह बंद करायला विसरा, काय होतं? ब्राउझर एचटीएमएलच्या चुका सांभाळून घेतो, तक्रार करत नाही. जावास्क्रिप्टमध्ये एक कंस चुकला की ती सगळी स्क्रिप्ट ठप्प होते. सीएसएस चुकलेली ओळ गुपचूप टाकून देतं आणि पुढे जातं. या तिघांचे तीन स्वभाव मला पुस्तकातून कळले नाहीत. मोडून पाहताना कळले.

आपण नशीबवान आहोत, कारण आपल्या विषयाची पोथी पहिल्यापासून उघडी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं वेबचं मूळ सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. कुणाला शुल्क नाही, कुणाची परवानगी नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पान पाहणाऱ्याला त्या पानाचा सोर्सही पाहता येतो. जगातल्या कितीतरी लोकांनी हे काम दुसऱ्याच्या पानाचा सोर्स उघडून शिकून घेतलं आहे. सुताराच्या पोरानं बापाचा हात बघत शिकावं, तसं. आता मोठ्या संकेतस्थळांचा सोर्स यंत्रानं दाबून एका ओळीत कोंबलेला असतो, वाचून काही हाती लागत नाही. म्हणून मी मुलांना सर्नचं पहिलं पान उघडायला लावते. ते त्यांनी मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलं आहे. त्याचा सोर्स दोन मिनिटांत वाचून होतो, आणि मुलांना कळतं की हे कुणा माणसानं हातानं लिहिलेलं आहे.

आता मला तुम्हाला एका मुलीबद्दल सांगायचंय.

आमच्या लॅबमध्ये तेव्हा १८ संगणक चालू होते आणि वर्गात ६४ मुलं होती. एकेका संगणकावर तिघंचौघं. मी नियम केला की प्रत्येक गटानं खऱ्या माणसासाठी खरं पान करायचं. कल्पनेतलं हॉटेल नको, कल्पनेतली कंपनी नको. बारावीतल्या एका मुलीच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. तिनं पानावर चुलवाणाचा आणि काहिलीचा फोटो टाकला, गुळाच्या ढेपांची वजनं लिहिली, काकवी कधी मिळेल ते लिहिलं. आणि मथळ्यापाशी अडली. ती ‘र’चा पाय मोडून पुढे ‘ह’ टाइप करत होती, आणि पडद्यावर ‘ह’वर रफार चढत होता. ती म्हणाली, “मॅडम, हे आमचं गुऱ्हाळ नाही. पप्पा हे असं वाचणारच नाहीत.”

मला उत्तर येत नव्हतं. बारा वर्षं गणित शिकवताना फळ्यासमोर हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं, त्या दिवशी उच्चारलं: मला माहीत नाही, शोधून उद्या सांगते.

‘र’चा पाय मोडला की पुढच्या अक्षरावर रफार चढतो, हा युनिकोडमधला सर्वसाधारण नियम. पण गुऱ्हाळ, वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या यांतला आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र वेगळा. त्यासाठी नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’, मग ‘डी’, आणि मग पुढचं अक्षर. दुसऱ्या दिवशी मी तिला हे दाखवलं. तिनं तीन कळा दाबल्या, मथळ्यात गुऱ्हाळ उमटलं, आणि तिच्या गटातली पोरं बाक वाजवायला लागली.

चार दिवसांनी तिचे वडील स्वतः कॉलेजात आले. हातात फोन. म्हणाले, “बाई, नाव झकास झालंय. पण वाचायला भिंग आणावं लागतंय.” मी त्यांच्या फोनवर पान पाहिलं. लॅबच्या मोठ्या पडद्यावर देखणं दिसणारं ते पान फोनवर मुंगीएवढं झालं होतं. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसला, की फोनचा ब्राउझर धरून चालतो की हे पान संगणकासाठी आहे. मग ते सुमारे ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि सगळं आक्रसून छोट्या पडद्यात बसवतो. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव देऊन, पडद्यानुसार पानानं आपलं रूप बदलावं ही गोष्ट मांडली होती. मी ती वाचली होती, शिकवलीसुद्धा होती, शेवटच्या धड्यात, फेब्रुवारीत, घाईनं. त्या मुलीच्या वडिलांनी मला दाखवून दिलं की तो धडा जूनमध्ये घ्यायला हवा. आपल्या मुलांच्या घरात संगणक नाही, फोन आहे. त्यांचं पान पाहणारा पहिला माणूस ते फोनवरच पाहणार.

चुकांच्या वहीत या प्रसंगांच्या पानावर मी लाल शाईनं दोन तारखा लिहिल्या आहेत. रफाराची आणि भिंगाची.

मित्रहो, आपल्या लिपीच्या अशा अडचणी इंग्रजी पुस्तकात मिळणार नाहीत. इंग्रजी मथळ्याची अक्षरं सुटी-सुटी ठेवली की तो रुबाबदार दिसतो. तोच नियम आपण मराठी मथळ्याला लावला की शिरोरेखा तुटते आणि शब्दाच्या फटी दिसू लागतात. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं धरलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नीट नोंदवलं, तर योग्य फॉन्टमध्ये आपला श आणि ल मराठी वळणाचा येतो. नाहीतर हिंदी वळणाचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटानं केलेले मुक्ता आणि बलू यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट आज फुकट मिळतात. हे सगळं शिकवायला आपल्याशिवाय कोण येणार आहे? हा अभ्यास आपल्यालाच करावा लागेल आणि आपल्यालाच लिहून ठेवावा लागेल.

तंत्र बदलतं, ही तक्रार मी दर अधिवेशनात ऐकते. ते बदलतं हे खरंच आहे. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. मी सुरुवात केली तेव्हा पानाचे रकाने करायला फ्लोट वापरायचे; मार्च २०१७ मध्ये ग्रिड ब्राउझरांत आलं आणि माझ्या वहीतली वीस पानं मी काट मारून ठेवली. ती फाडलेली नाहीत. जुनं पान दुरुस्त करायला एखादा विद्यार्थी जाईल, तेव्हा त्याला ती लागतील. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा हे मात्र तेव्हा होते तसेच आहेत. त्यावर भर दिला, की दरवर्षी नव्यानं धावावं लागत नाही.

काल एका तरुण सहकाऱ्यानं मला विचारलं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल तसं पान एका मिनिटात लिहून देते, मग मुलांनी हे सगळं कशाला शिकायचं? मी ते वापरून पाहिलं आहे. पान छान येतं. पण गुऱ्हाळाच्या मथळ्यावर रफार चढला, तर तो चुकीचा आहे हे ओळखणारा माणूस लागतो, आणि काहील म्हणजे घरातली कढई नव्हे हे सांगणाराही. ती नजर यंत्राकडून उसनी मिळत नाही. म्हणून आता माझ्या वर्गात मुलं यंत्रानं लिहिलेलं पान घेतात आणि ओळ न् ओळ मला समजावून सांगतात. जी ओळ सांगता येत नाही, ती काढून टाकायची आणि काय होतं ते पाहायचं.

आपल्या प्रशिक्षणांबद्दल थोडं. पाच दिवसांत चाळीस टॅग, शेवटी चहा आणि प्रमाणपत्र, यानं शिक्षक घडत नाही. मला वर्षभराची जोडी हवी आहे. एक जुना शिक्षक, एक नवा. दोघांनी मिळून आपल्या गावातल्या कुणाचं तरी एक खरं पान करायचं आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या वह्या वाचायच्या. प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलांकडून कोऱ्या पानावर पाठ केलेला कोड उतरवून घेणंही आपण थांबवू या. त्याऐवजी मोडलेलं पान द्यावं आणि दुरुस्त करायला सांगावं. हे आपल्या हातात आहे, त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहायला नको.

उद्या सकाळी १० वाजता तळमजल्यावरच्या लॅबमध्ये मी माझ्या चारही वह्या घेऊन बसणार आहे. त्यांतली बारा मोडकी पानं प्रत्येक संगणकावर टाकून ठेवली आहेत. दोघा-दोघांनी बसा, दुरुस्त करा, आणि ज्यांच्याजवळ अशा चुका आहेत त्यांनी त्या घेऊन या. पाचवी वही मी कोरीच आणली आहे. ती तुमच्या चुकांसाठी आहे.