जुने भिंग, दुसरा कॅमेरा



लग्नाकार्याचे फोटो डिजिटल कॅमेऱ्यावर निघू लागले आणि गावोगावच्या स्टुडिओंतले फिल्मचे कॅमेरे कपाटात जाऊन पडले. शाळांतल्या कॅमेऱ्यांचीही तीच गत झाली. पडून पडून शटर अडकते, आरसा वर गेला तो खाली येत नाही, मीटर बंद पडते. मग एखाद्या दिवाळीला साफसफाई निघते आणि तो कॅमेरा भंगाराच्या काट्यावर चढतो. पण पुष्कळदा बिघडलेली असते ती मागची पेटी. पुढचे भिंग, ज्याला आपण लेन्स म्हणतो, ते शाबूत असते. बैल थकला म्हणून कोणी गाडीची चाके जाळत नाही. ती चाके दुसऱ्या गाडीला लागतात का, हे आधी पाहतो. आज तेच पाहू. आट्यांची जुनी लेन्स मधे एक रिंग घालून दुसऱ्या फिल्म कॅमेऱ्यावर कशी चालते आणि केव्हा चालत नाही, एवढाच आजचा विषय.

आट्यांची लेन्स म्हणजे बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची लेन्स. तिच्या मागच्या बाजूला स्क्रूसारखे आटे असतात. यातला सर्वांत पसरलेला प्रकार बेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणून त्याला एम ४२ म्हणतात. १९४९ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात बनलेल्या कॉन्टॅक्स एस आणि प्राक्टिका या कॅमेऱ्यांनी तो आणला. जपानच्या पेन्टॅक्सने १९५७ मध्ये तो उचलला. रशियाच्या झेनिटनेही पुढे तोच घेतला. देश तीन, कारखाने अनेक, पण आटे एकच. पुढे १९७५ मध्ये पेन्टॅक्सने आटे सोडून अडकवून फिरवण्याची बैठक घेतली. तिला बायोनेट म्हणतात. मग आट्यांच्या लेन्स मागे पडल्या. मागे पडल्या, पण निकामी झाल्या नाहीत.

आता गुरुजनहो, एक प्रयोग सांगतो. याला ना कॅमेरा लागतो, ना फिल्म. एम ४२ ची एखादी लेन्स घ्या. तिचे छिद्र पूर्ण उघडा आणि फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर, म्हणजे आडव्या आठावर आणा. वर्गाची दारे-खिडक्या लावून घ्या. एकच खिडकी उघडी ठेवा. लेन्सचे तोंड खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाकडे करा आणि मागे पांढरा कागद धरून पुढे-मागे सरकवा. एका जागी ते झाड कागदावर उलटे, रंगांसह, अगदी स्पष्ट उमटेल. तिथे थांबा आणि लेन्स ज्या कडेवर कॅमेऱ्याला टेकते, त्या कडेपासून कागदापर्यंत पट्टीने मोजा. साधारण साडेपंचेचाळीस मिलिमीटर भरतील. कागद तेथून दोन-तीन मिलिमीटर मागे न्या, झाड पुसट होईल. मात्र मुलांना एक बजावून ठेवा: लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

या अंतराला आपण बैठकीचे अंतर म्हणू. एम ४२ चे ते नेमके ४५.४६ मिलिमीटर आहे. सगळा खेळ या आकड्याचा आहे, बरं का. आटे जुळले म्हणजे लेन्स जुळली असे नाही. अंतर जुळले पाहिजे.

आता हिशेब करा. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईओएस कॅमेऱ्यांचे बैठकीचे अंतर ४४ मिलिमीटर. ४५.४६ मधून ४४ वजा केले की उरले १.४६. तेवढ्याच जाडीची रिंग मधे घातली की लेन्स बरोबर आपल्या जागी आली. मिनोल्टाच्या जुन्या हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यांचे अंतर ४३.५. तिथे रिंग १.९६ मिलिमीटर जाडीची हवी. पेन्टॅक्सने तर बायोनेट आणताना शहाणपणा केला. अंतर जुनेच, ४५.४६ ठेवले. म्हणून तिथली रिंग कॅमेऱ्याच्या तोंडाच्या आत बसते आणि बाहेर जाडी अशी मुळीच उरत नाही. बाजारात बाहेर कड असलेल्या रिंगाही मिळतात. ती कड लेन्सला पुढे ढकलते, तेव्हा घेताना ते बघून घ्या.

निकॉनचा हिशेब उलटा आहे. त्याचे अंतर ४६.५, म्हणजे एम ४२ पेक्षा एक मिलिमीटर जास्तच. त्यात रिंगची जाडी आणखी एक धरली, तर लेन्स फिल्मपासून दोन मिलिमीटर लांब गेली. मग काय होते? यालाही सोपे गणित आहे. लेन्सच्या नाभीय अंतराचा वर्ग करा आणि जादा अंतराने भागा. ५० गुणिले ५० म्हणजे २५००, भागिले २, उत्तर १२५० मिलिमीटर. म्हणजे सव्वा मीटरच्या जरासे पुढे जे काही आहे, ते सारे पुसट. अशा जोडणीत संत्र्याच्या झाडावरचा बहर सुरेख येईल, पण रामटेकचा गड काही येणार नाही. मधे काचेचे भिंग बसवलेल्या रिंगा यावर मिळतात. त्यांनी गड दिसतो, पण हलकी काच असेल तर चित्राची धार बोथट होते.

दुसरा एक सापळा ३९ मिलिमीटरच्या आट्यांचा आहे. लायका, फेड, झोर्की या कॅमेऱ्यांच्या लेन्स ३९ च्या. झेनिटच्या सुरुवातीच्या लेन्सही ३९ च्याच. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. पण लायकाचे अंतर २८.८ मिलिमीटर आणि झेनिटचे ४५.२. फेडची लेन्स झेनिटवर लावली, तर ती फार तर वीतभर अंतरावरचे फूल टिपेल. याउलट लायकाने १९५४ मध्ये बायोनेट आणले तेव्हा अंतर मुद्दाम २७.८ ठेवले, म्हणजे बरोबर एक मिलिमीटर कमी. एक मिलिमीटरची रिंग घातली की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालू. गिऱ्हाइकाजवळची जुनी वस्तू वाया जाऊ नये, हा विचार तिथे आराखड्यातच होता.

रिंग बाजारात मिळते. न मिळाली, तर लेथवरचा चांगला कारागीर ती करू शकतो. कॅमेऱ्याचे धातूकाम आपल्या माणसांना परके नाही. कोल्हापूरला आनंदराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये ते वारले, पण बाबुराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून ते काम तडीस नेले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कारागिराला एवढेच सांगा की रिंग केसभर पातळ चालेल, केसभर जाड चालणार नाही. दशांश एक मिलिमीटर जाड झाली, तर ५० च्या लेन्सला पंचवीस मीटरपलीकडचे स्पष्ट दिसणार नाही. पातळ झाली, तर फोकसची खूण थोडी चुकेल, इतकेच.

लेन्स बसवताना जोर लावू नका. आटे अडले की उलटे फिरवून पुन्हा लावा. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स जे देते तेच खिडकीत दिसते. म्हणून रोल घालण्यापूर्वीच लांबचे झाड पाहून घ्या. त्याला पैसा पडत नाही, आणि छत्तीस फोटोंचा रोल वाचतो. काही लेन्सचा मागचा भाग अनंतावर आत सरकतो आणि आरसा त्याला आपटतो, तेव्हा पहिल्यांदा शटर दाबताना कान द्या.

लेन्सच्या मागे बारीक खिळी असेल, तर ती छिद्र लहान करणारी खिळी असते. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती दाबली जात नाही आणि छिद्र उघडेच राहते. बाजूला ‘ऑटो’ आणि ‘मॅन्युअल’ असे बटण असल्यास ते ‘मॅन्युअल’वर ठेवा. मग फोकस उघड्या छिद्रावर करायचा आणि फोटोआधी छिद्र हाताने लहान करायचे. मीटर नसेल, तर आपल्याकडचे लख्ख ऊन आहेच. १०० च्या फिल्मला छिद्र १६ आणि वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग.

शेवटचे सांगणे बुरशीचे. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत कोंडलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. लेन्स उजेडासमोर धरून आरपार पाहा. जाळे दिसले तर ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या कोरड्या डब्यात ठेवा.

तेव्हा गुरुजनहो, शाळेचे कपाट पुढच्या वेळी आवराल, तेव्हा जुना कॅमेरा भंगारात टाकण्यापूर्वी त्याची लेन्स फिरवून काढा आणि मुलांच्या हाती एक पट्टी व एक पांढरा कागद द्या. कॅमेरा पुढे जुळो वा न जुळो, प्रकाशाचा एक धडा तर त्याच दिवशी होईल.