अर्ज कुठे भरावा?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी शाळेच्या गौरवाविषयी बोलावे असा संकेत आहे. ते काम आज सकाळपासून माझ्यापेक्षा समर्थ वक्त्यांनी केले आहे. मी एका साध्या, पण दरवर्षी अनेक घरांची झोप उडवणाऱ्या गोष्टीविषयी बोलणार आहे. परीक्षांचा हंगाम आला की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पालक येऊन बसतात आणि विचारतात, “बाई, अर्ज कुठे भरायचा?” बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. नागपूर, नाहीतर पुणे. माझ्याकडून त्यावर फक्त शिक्कामोर्तब हवे असते.

ही ओढ मी समजू शकते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजचे विद्यार्थीही त्याच विद्यापीठाच्या परीक्षांना बसू लागले. 1946 मध्ये सागरला विद्यापीठ झाले. पुढे 1956 हे वर्ष उजाडले. त्या एकाच वर्षात जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले. सीमारेषा आपल्या आणि नागपूरच्या मधून गेली. सोयरिकी तशाच राहिल्या, दिवाळीचे येणेजाणेही तसेच राहिले; महाविद्यालयाच्या अर्जावरचा ‘राज्य’ हा रकाना मात्र बदलला. आपण अजून जुन्या नकाशावर बोट ठेवून अर्ज भरतो, आणि तिथेच फसतो.

हे मी अधिकाराने सांगते, कारण फसवणाऱ्यांत मी स्वतःही होते. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतला एक मुलगा दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. वडील मटाराची शेती करणारे. शहपुऱ्याच्या बाहेर फारसे न गेलेले ते गृहस्थ टोपी हातात धरून मला विचारायला आले. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, “अकरावी-बारावी नागपूरला करू द्या. तिथे शिकवण्या चांगल्या आहेत, आणि आपलीच माणसे आहेत.” त्यांनी एका हंगामाचे पैसे उचलून मुलाला पाठवले. मुलाने कष्टात कसूर केली नाही. जेईईत त्याचा क्रमांक बरा आला. भोपाळच्या मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थानात त्याला जागा मिळेल असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याचे नाव लागले नाही.

कारण नंतर कळले. अशा राष्ट्रीय संस्थांमध्ये निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि विद्यार्थ्याचे ‘राज्य’ बारावी कुठून उत्तीर्ण केली यावर ठरते. जन्म कुठला, घर कुठले, हे तिथे पाहत नाहीत. बारावी नागपूरची, म्हणून भोपाळसाठी आमचा शहपुऱ्याचा मुलगा परराज्यातला झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थानात तो महाराष्ट्राचा ठरत होता, परंतु तिथली चुरस त्याच्या क्रमांकाला झेपणारी नव्हती. महाराष्ट्र शासनाच्या महाविद्यालयांत जावे, तर दहावी इथली आणि अधिवासही इथला. म्हणजे मराठी बोलणारे ते मूल महाराष्ट्राला परके, आणि भोपाळलाही परके.

शेवटी मध्य प्रदेशच्या मूलनिवासी प्रमाणपत्राच्या आधारे त्याला जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. 1947 साली सुरू झालेले हे महाविद्यालय. त्याचे तिथे चांगलेच झाले. परंतु दोन वर्षांचा नागपूरचा खर्च त्याच्या वडिलांनी कसा फेडला ते मला ठाऊक आहे. त्यांनी मला शब्दानेही दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, “बाई, कागद आधी वाचायला हवा होता.” कागद वाचण्याचे काम माझे होते.

वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात, आणि शिवाय अधिवास. काही नोकरदारांच्या मुलांना सवलत आहे, पण ती आपल्यापैकी थोड्यांनाच लागू पडते. आपल्यासाठी मध्य प्रदेशचा कोटा आणि 15 टक्के अखिल भारतीय जागा, एवढाच खरा हिशेब.

मराठी माध्यमाच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात हे ऐकून आपल्याला आनंद होतो, मलाही झाला. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. जबलपूरच्या केंद्रावर बसायचे तर हिंदी किंवा इंग्रजी. तेव्हा अर्जात भाषा निवडताना प्रवासाचा आणि मुक्कामाचाही विचार करावा, आणि इथेच परीक्षा द्यायची असेल तर त्या भाषेतल्या संज्ञांचा सराव अकरावीपासून करावा. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि अर्जात इंग्रजी हे आपल्या मुलांचे नित्याचेच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र ते नवे वाटू नये.

जवळचे ते कमी, या समजुतीचे काय करावे हे मला कळत नाही. जबलपूरला 1964 पासून कृषी विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. ज्यांच्या घरी शेती आणि गोठा आहे तेच पालक या नावांवर नाक मुरडतात! सागरचे डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ 2009 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. तिथली सामायिक प्रवेश परीक्षा द्यायला आपली किती मुले बसतात? गेल्या वर्षी मी बारावीच्या वर्गात विचारले, तेव्हा दोन हात वर झाले.

आणि मुलींविषयी. मुलासाठी पुण्याचे कर्ज काढणारे घर मुलीच्या वेळी एकदम जबलपूरचे गुण गाऊ लागते. जबलपूर चांगले असेल तर दोघांना चांगले असू द्या. मुलीचा क्रमांक भोपाळ-इंदूरचा असेल तर वसतिगृहाची चौकशी करायला मी स्वतः सोबत येईन. हे बोलणे काहींना आवडणार नाही, पण माझ्या निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत.

समुपदेशनाच्या वेळी पसंतीक्रम भरताना खरोखर हवे ते वर लिहा. मिळण्यासारखे वर आणि आवडते खाली, असा उलटा क्रम लावणारी मुले दरवर्षी आवडीची जागा हातची घालवतात. आणि जिथे मिळाले तरी जाणार नाही, ते नाव यादीत घालू नका.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. दाराजवळच्या टेबलावर एक नोंदवही ठेवली आहे. आपण कुठे शिकलात, खर्च किती आला, वसतिगृह कसे होते आणि कोणता कागद ऐनवेळी कमी पडला, हे तीत लिहून जावे. अभिप्रायाची वही वेगळी आहे; तिथे स्तुती लिहा, इथे नको. पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात यावे. मुलाची दहावीची गुणपत्रिका आणि मूलनिवासी प्रमाणपत्र सोबत आणावे. यंदाच्या नियमपुस्तिका मी छापून ठेवल्या आहेत. आपण त्या एकत्र बसून वाचू.