फुलदाणीवरचं सोनं



सालारजंग म्युझियममध्ये आपण पाहुण्यांना नेतो ते घड्याळाचे ठोके ऐकायला आणि बुरख्यातली रिबेका बघायला. तिथेच फ्रान्समधल्या सेव्रची चिनीमातीची भांडीही आहेत. आज बोलायचंय ते अशा फ्रेंच फुलदाण्यांबद्दल, विशेषतः त्यांच्यावरच्या सोनेरी नक्षीकामाबद्दल.

हा कारखाना १७४० मध्ये वँसेनला सुरू झाला, १७५६ मध्ये सेव्रला आला आणि १७५९ मध्ये राजा पंधरावा लुई त्याचा मालक झाला. पॅरिसचे व्यापारी इथल्या आणि चीनहून आलेल्या फुलदाण्यांना ब्राँझची बैठक, कान आणि काठ बसवून घेत. त्यामुळे नाजूक कडा सांभाळल्या जात आणि किंमतही वाढे.

ब्राँझवर सोनं चढवायची रीत अशी: सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखं करायचं, ब्राँझवर फासायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं धरून राहतं. मग ते घोटून चकाकी आणायची. पण उडालेला पारा जायचा कारागिराच्या छातीत. हात कापू लागत, दात हलत. ज्या कामाला हात स्थिर लागतो, तेच काम हात घालवत होतं.

पीयेर गुतिएर हा त्यातला नावाजलेला कारागीर. दरबारासाठी काम करायचा. मादाम द्यु बारीकडची त्याची मोठी बाकी कधीच वसूल झाली नाही. १८१३ मध्ये तो गरिबीत वारला. बिल थकलं की घर कसं बसतं, हे आपल्यातल्या नोकरदारांना आणि दुकानदारांना वेगळं सांगायला नको.

१८४० नंतर विजेने मुलामा देण्याची पद्धत आली आणि पाऱ्याचं काम हळूहळू मागे पडलं.

आता कामाच्या दोन गोष्टी. तळाशी एकमेकांत गुंतलेले दोन 'एल' दिसले म्हणून फुलदाणी सेव्रचीच असं समजू नका. त्या खुणेची नक्कल खूप झाली आहे. आणि गणपतीच्या आधी आपण समया, ताम्हन चिंचेने घासतो, तशी मुलाम्याची जुनी वस्तू घासू नका. पितळ उजळतं, पण मुलामा झिजतो, आणि गेलेला परत येत नाही. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकली तरी पुरे. कुणीतरी आपल्या जिवाच्या मोलाने चढवलेलं सोनं आहे ते.

गणपती बाप्पा मोरया!