मंडईच्या रात्री ‘स्किप’चं बटण नसतं

आज आपल्या भंडाऱ्याच्या मंडईबद्दल बोलायचंय. पुण्या-मुंबईहून ऐकणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, मंडई म्हणजे भाजीबाजार नाही. भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरते, ती मंडई. प्रत्येक गावाची तारीख वेगळी. दिवसा दुकानं, दंडार, खडीगंमत. आणि रात्री नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो तो थेट पहाटेपर्यंत.

हीच आपली झाडीपट्टी रंगभूमी. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातलं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, मांडव टाकतं, तिकिटं विकतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता गाण्याचं. इथं नट स्वतः गातो, सोबत ऑर्गन आणि तबला. आवडलं की ‘वन्स मोअर’, म्हणजे सगळ्या मांडवानं मिळून दाबलेलं रिपीटचं बटण. नाही आवडलं तर? बसून राहायचं. कारण शेजारच्या आजीला नेमकं तेच आवडलेलं असतं!

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. गाण्याचं ॲप साधारण काय करतं, तर तुमच्यासारखी आवड असलेले लोक शोधतं आणि ते जे ऐकतात ते तुम्हाला वाजवून दाखवतं. सोयीचं आहे, मीही रोज वापरतो. पण त्या हिशेबात शेजारची आजी कधीच येत नाही.

लोक म्हणतात, गावात दुसरी करमणूक नाही म्हणून नाटक टिकलं. मला हे पटत नाही. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तरी मांडव भरतोच ना? माझ्या मते नाटक हे निमित्त आहे. खरी गोष्ट पाहुण्यांची. धान कापून झालेलं असतं, लेकी-जावई येतात, मामा येतो, आत्या येते. कुणाच्या पोरीचं, कुणाच्या पोराचं बोलणं निघतं, सोयरिकी जुळतात. नाटकाचा व्हिडिओ मोबाइलवर मिळेल हो, पण व्हिडिओ बघायला मामा मुक्कामी येणार नाही.

म्हणून मला मोबाइलपेक्षा आपल्या रजेची काळजी वाटते. आपण नोकरीवाले रजा टाकतो दिवाळीची. भाऊबीज झाली की बॅग भरून गाडी पकडतो, आणि मंडया सुरू होतात नेमक्या तेव्हा! घरी पाहुणे येतात आणि आईला विचारतात, “पोरगा नाई आला का?” असं दहा वर्षं चाललं तर पाहुणेही यायचे थांबतील. मग मंडळ नाटक कुणासाठी ठरवणार?

यंदा मी रजा भाऊबीजेनंतरची मागितली आहे. कारण लिहिलं, ‘फॅमिली फंक्शन’. खोटं नाहीच ते.

आणि हो, पाहुण्यांचा स्वयंपाक करण्यात आई-काकूंचं अर्धं नाटक बुडतं. गेलात तर आधी चुलीपाशी हात लावा, म्हणजे त्याही पहिल्या अंकाला मांडवात असतील.

तर आजच घरी फोन करा, मंडईची तारीख विचारा, मग रजा टाका. शाल घ्यायला विसरू नका, पहाटे थंडी वाजते. भेटू पुढच्या भागात!