मंद आच आणि हलका आहार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



ज्याने आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकविले, त्याने स्वयंपाकाविषयी भाषण करावे, हे आपणांपैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी विषय सुचविला तेव्हा मलाही तसेच वाटले. परंतु 2021 सालापासून आमच्या घरची चूल मीच सांभाळीत आहे, तेव्हा अनुभवाच्या आधारे चार शब्द बोलण्यास हरकत नसावी.

त्या वर्षी माझ्या कुटुंबास हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयातून घरी पाठविताना डॉक्टरांनी तेल-तूप कमी करावयास सांगितले. मी विचारले, "किती कमी?" ते म्हणाले, "सध्या किती लागते?" या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, याची लाज वाटली. घरी येऊन त्रैराशिक मांडले. माणसे दोन, महिन्यास तेल तीन लिटर. म्हणजे माणशी दररोज 50 मिलिलिटर. त्याचे वजन सुमारे 45 ग्रॅम. एका ग्रॅम स्निग्धांशापासून नऊ किलोकॅलरी, या हिशेबाने नुसत्या तेलातून चारशेच्या वर! तूप, शेंगदाणे आणि खोबरे यांची तर गणतीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी कढईतले तेल एकदम चमचाभरावर आणले. मसाला तळाशी लागला, भाजी करपली आणि बिचारीने अर्धे ताट तसेच सारले. आजाऱ्याने पथ्य मोडू नये हे खरे, पण पथ्याचे अन्न घशाखाली उतरले तरी पाहिजे ना! जोराच्या आचेवर अन्न तळाशी धरू नये म्हणून तेलाची गरज भासते. आच मंद असेल, वर झाकण असेल आणि वेळ भरपूर असेल, तर ते काम पाणी आणि वाफच करतात, हे मला पुढे उमगले.

उमगले म्हणण्यापेक्षा आठवले म्हणणे अधिक योग्य. माझ्या लहानपणी आजी चुलीच्या वैलावर डाळीचे आधण ठेवून शेतावर जात असे. दुपारी परत येईतो डाळ मेणासारखी मऊ झालेली असे. तिच्या वरणात तुपाचा थेंब पडे तो सणावारी. चूल गेली, वैल गेला. गॅसवर भांडे ठेवून सहा तास घराबाहेर जाण्याचे धाडस कोण करील?

आमच्या सूनबाईंनी जे विजेचे भांडे आणून दिले, त्यास स्लो कुकर म्हणतात. मंदपाचक म्हणावे की काय, याचा निर्णय भाषापंडितांनी करावा. आत चिनी मातीचे जाड भांडे, भोवती तापणारे वेष्टण आणि वर काचेचे झाकण. शिकागो येथील आयर्विंग नॅक्सन यांना 1940 साली याचे पेटंट मिळाले. त्यांच्या मातोश्री मूळच्या लिथुआनियातील ज्यू. शब्बाथला अग्नी पेटवावयाचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्याचे भांडे भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी काढावयाचे, ही तिकडची चाल त्यांनी मुलास सांगितली होती. 1971 पासून ही भांडी क्रॉक-पॉट या नावाने अमेरिकेत घरोघर गेली. आपल्याकडेही 1910 च्या सुमारास कलकत्त्यात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशावरचा इक्मिक कुकर काढला होता. सारांश, वैलाची पोटजात जगभर आहे.

आता रीत सांगतो. हरभरे रात्री भिजवावेत, सकाळी दहा मिनिटे खळखळून उकळावेत आणि मग भांड्यात घालून वर बोटभर पाणी येईल इतकेच ठेवावे. येथे पाणी फारसे आटत नाही. कांदा तेलात न परतता थेट आचेवर भाजावा. मंद खुणेवर सात-आठ तास लागतात. चिंच, कोकम, टोमॅटो शेवटच्या तासात घालावे, कारण आंबटाने कडधान्य लवकर मऊ पडत नाही. दाटपणासाठी पळीभर हरभरे चेचून त्यातच मिसळावेत. अगदी शेवटी एक चहाचा चमचा तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी वरून द्यावी. मसाल्याचा वास तेलात उतरतो, म्हणून वरून दिलेली ती चमचाभर फोडणी आरंभीच्या चार चमच्यांपेक्षा अधिक जाणवते. काही भगिनी तेल कमी करतात आणि त्याच भाजीत वाटीभर दाण्याचे कूट लोटतात! दाण्यात जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो, सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. हा व्यवहार माझ्या गणितात बसत नाही.

येथे एक चूक कबूल केली पाहिजे. पहिल्याच महिन्यात मी राजमा भिजवून, न उकळता तसाच भांड्यात घातला आणि मंद खुणेवर ठेवला. सायंकाळी दाणे किंचित कचकचीत वाटले, तरी चिरंजीव आणि मी जेवलो. तीन तासांच्या आत दोघांनाही वांत्या सुरू झाल्या व त्या पहाटेपर्यंत थांबेनात. दैव बलवत्तर म्हणून कुटुंबाने त्या रात्री नुसता वरणभात घेतला होता. तिच्या त्या नाजूक प्रकृतीत काय झाले असते, हा विचार अजूनही मला झोपू देत नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते व ते या भांड्याच्या सौम्य उष्णतेने नाहीसे होईलच असे नाही, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावले. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे, ताज्या पाण्यात खळखळून उकळावा आणि मगच भांड्यात घालावा. उकळण्यास दहा मिनिटे पुरतात असे सांगतात. मी अर्धा तास उकळतो. मूग-मसुरीच्या डाळीस हा सोपस्कार लागत नाही.

वीज गेली तर? घरी असाल तर लगेच गॅसवर शिजवून घ्यावे. बाहेरून आल्यावर वीज केव्हा गेली हे कळत नसेल, तर अन्न टाकून द्यावे. कोमट अन्नात जंतू वाढतात. खर्चाचे म्हणाल तर आमचे भांडे 200 वॅटचे आहे. आठ तासांस दीड युनिटाहून थोडे जास्त. पालेभाजी मात्र यात करू नये, तिचा लगदा होतो. भाकरी अर्थातच तव्यावरच.

आमच्या घरी आता महिन्यास एक लिटर तेल लागते. कुटुंब ताट स्वच्छ करते, क्वचित मीठ कमी पडल्याचे सुनावते, आणि दुपारी भजनी मंडळास जाते. पूर्वी तिला तो वेळ कधी मिळाला नव्हता.

भांडे मी सोबत आणले आहे. मागील टेबलावर आहे, त्यात हरभऱ्याची आमटी सकाळी सहापासून शिजते आहे. पंगत बसेपर्यंत कोणी झाकण उघडून पाहू नये, कोंडलेली उष्णता निघून जाते.